नाव ठेवण्याआधी: दुकानाचं, मालाचं नाव आधीच कुणाचं आहे का, ते कसं पाहायचं

रामबागेत आमच्या शेजारच्या काकू गेली कित्येक वर्षं दिवाळीचा फराळ करून देतात. मेतकूट, भाजणी, चिवडा, आणि इंदूरला राहून शेव केली नाही तर लोक वाळीत टाकतील म्हणून लवंगी शेवही. आजवर गिऱ्हाईक 'काकूंची भाजणी द्या' एवढंच म्हणायचं. यंदा सुनेनं मनावर घेतलं. पाऊच छापायचे, इन्स्टाग्रामवर पान काढायचं, सियागंजातल्या एकदोन दुकानांत माल ठेवायचा. नाव ठरलं 'ओंजळ'. संध्याकाळी दोघी माझ्याकडे आल्या तेव्हा सुनेच्या मोबाईलवर डोमेन विकणाऱ्या साइटचं हिरवं 'उपलब्ध' झळकत होतं.

"भाऊ, नाव मोकळं आहे. गुमाश्त्याचा अर्ज तेवढा भरून द्या," काकू म्हणाल्या. गुमाश्ता म्हणजे दुकानाची सरकारी नोंदणी.

मी घरात चहा टाकायला सांगितलं. पुढचे दोन तास जाणार हे मला दिसत होतं.

हा सावधपणा मला फुकट मिळालेला नाही. मी लोकांचे जीएसटीचे, हिशोबाचे कागद करतो, तरी स्वतःच्या वेळेला तोंडघशी पडलो होतो. मेव्हण्याबरोबर मसाल्याचं छोटं काम काढलं, कंपन्यांच्या यादीत नाव शोधलं, सापडलं नाही, आणि खुशाल पाच हजार पाऊच छापून घेतले. आठ महिन्यांनी दुसऱ्या शहरातल्या वकिलाची नोटीस आली. त्यांचं नाव आमच्यापेक्षा एका वेलांटीनं वेगळं होतं, आणि ते आमच्या कितीतरी आधीपासून माल विकत होते. भांडण्यासारखं काही नव्हतंच. उरलेले पाऊच माळ्यावर आहेत. बायको अजून त्यांचे तुकडे कापून लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला बांधते. दर उन्हाळ्यात ते नाव मला बरणीवरून बघत असतं.

'उपलब्ध' कोण म्हणतंय?

आपल्याकडे नावांची एकच एक वही नाही. वह्या अनेक आहेत, आणि त्या बऱ्याच अंशी एकमेकींशी बोलत नाहीत. गुमाश्ता देणारा नाव तपासत नाही. जीएसटीत व्यवसायाचं नाव तुम्ही लिहाल ते चढतं. मध्य प्रदेशातल्या नंबराची सुरुवात २३ नं होते हे कळेल, पण त्या नावाची आणखी किती दुकानं आहेत हे कुणी बघत नाही. उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, तिचंही तेच. खाद्यपदार्थांचा चौदा आकडी नंबर मिळाला म्हणजे सरकारनं नाव मान्य केलं, असं पुष्कळांना वाटतं. तो नंबर स्वच्छतेशी आणि धंद्याच्या आकाराशी जोडलेला आहे, नावाच्या मालकीशी नाही. एकट्याच्या मालकीचं दुकान असेल तर नाव मंजूर करून घ्यावं लागेल अशी जागाच नाही.

भांडण उभं राहतं तेव्हा दोनच गोष्टी बघितल्या जातात: ट्रेडमार्कच्या नोंदवहीत कुणाचं नाव आहे, आणि बाजारात ते नाव आधीपासून कोण वापरतंय. तुमची शोधाशोध या दोन ठिकाणी पक्की असली पाहिजे. बाकीचं नंतर.

आधी कागद-पेन्सिल

संगणक उघडण्याआधी नाव कागदावर उतरवा आणि मोठ्यानं म्हणा. घरच्यांकडून म्हणवून घ्या. मग मराठी न येणाऱ्या एखाद्याला फोन करून नाव सांगा आणि त्याला लिहून पाठवायला सांगा. पुण्यात ही पायरी गाळली तर चालेल. इंदूरमध्ये चालणार नाही.

काकूंच्या सुनेनं तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण हिंदीभाषक. तिनं लिहून पाठवलं 'ओंजल'. साहजिक आहे, रोजच्या हिंदीत ळ नाही. दुसरीनं 'ओझल' लिहिलं, म्हणजे हिंदीतलं दिसेनासं होणं. फराळाच्या पाऊचवर! रोमन अक्षरांत तर आणखी गंमत, कारण आपला हा 'ज' जीवनातला नाही, जाळीतला आहे; कुणी त्याला जे लावतो, कुणी झेड. शेवटी ए की यू, एल एक की दोन. पाच मिनिटांत आमच्या कागदावर नऊ रूपं झाली.

मग त्याच कागदावर अर्थाचा रकाना पाडा. ओंजळीला हिंदीत काय म्हणतात? अंजली, अंजुरी. झालं, एका ओळीत नावाचं जग पालटलं. ओंजळ दुर्मिळ असेल. अंजली गल्लोगल्ली आहे. अर्थ का बघायचा, तर कंपन्यांच्या नावांच्या नियमांत भाषांतर केलेलं किंवा दुसऱ्या लिपीत लिहिलेलं नाव वेगळं धरत नाहीत, आणि ट्रेडमार्कमध्येही अर्ज तपासणारा परीक्षक उच्चाराबरोबर अर्थाकडे बघतो.

कोर्टाची नजर कशी असते याचं एक जुनं उदाहरण फार उपयोगी आहे. 'अमृतधारा' हे औषध नोंदलेलं होतं आणि दुसऱ्यानं 'लक्ष्मणधारा' नोंदवायला घेतलं. उच्च न्यायालय म्हणालं, एक अमृताची धार, एक लक्ष्मणाची, अर्थ वेगळे आहेत. सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये ते मानलं नाही. साधं गिऱ्हाईक शब्द फोडून व्युत्पत्ती काढत बसत नाही. एकूण रचना आणि ध्वनी कानावर कसा पडतो त्यावर जातं, आणि त्याची आठवणही अर्धवट असते. तुम्ही शोधताना त्या अर्धवट आठवणीच्या गिऱ्हाइकाच्या कानानं शोधायचं.

बाजारात फेरी

आता मोबाईल घ्या. गूगल आणि गूगल मॅप्सवर कागदावरचं प्रत्येक रूप टाका, देवनागरीत आणि रोमनमध्ये. नुसतं नाव टाकू नका. नावापुढे 'मसाले', 'नमकीन', 'फराळ', 'पुणे', 'नागपूर', 'इंदूर' असं एकेक जोडत जा. मग ॲमेझॉन, इंडियामार्ट, जस्टडायल, झोमॅटो, स्विगी, इन्स्टाग्राम, फेसबुक. घरगुती फराळवाल्या बायकांचा निम्मा धंदा इन्स्टाग्रामवरच असतो आणि तो कुठल्याही सरकारी वहीत नसतो.

नोंदणी नसलेल्याला कशाला घाबरायचं, असं सून म्हणाली. घाबरायचं. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे. त्याच्या कलम ३४ प्रमाणे, तुमच्या वापराच्या आणि तुमच्या नोंदणीच्या, दोन्हींच्या आधीपासून सलग नाव वापरणाऱ्याला तुम्ही नोंदणीच्या जोरावर थांबवू शकत नाही. उलट तो तुमच्यावर दावा लावू शकतो. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये हेच सांगितलं: आधीच्या वापराचा हक्क नोंदणीच्या हक्काहून वरचढ. हलव्याच्या दुकानानं हा धडा सगळ्या देशाला दिला, हे मला इंदूरकर म्हणून आवडतं.

ऑनलाइन झालं की पायी जा. सियागंज आणि मारोठिया बाजारात तासभर फिरून आपल्यासारख्या मालाची पाकिटं हातात घेऊन बघा. वेबसाइट नसलेले कितीतरी मार्के तिथे टांगलेले दिसतात. ठोक दुकानदाराला विचारा, "या नावाचं काही येतं का?" त्याचं डोकं गूगलपेक्षा बरं चालतं.

ट्रेडमार्कची वही

इथे वेळ द्या. आयपी इंडियाच्या, म्हणजे सरकारच्या ट्रेडमार्क-पेटंट खात्याच्या साइटवर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध आहे आणि तो फुकट आहे. कुणी फक्त शोधाचे पैसे सांगितले तर तो स्वतःच्या वेळेचे मागतोय, सरकारचे नाही.

आधी वर्ग ठरवावा लागतो. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. १ ते ३४ मालाचे, ३५ ते ४५ सेवांचे. शेव, मसाले, पिठं ३० मध्ये. लोणची, बटाट्याचे वेफर्स, भाजलेले दाणे २९ मध्ये. दुकान किंवा ऑनलाइन विक्री ३५, खानावळ किंवा केटरिंग ४३. शिकवणीचा वर्ग काढणार असाल तर ४१, कपडे २५. लोक आपल्या एका वर्गात बघतात आणि उठतात. तसं करू नका. 'ग्लुकोविटा' आणि 'ग्लुविटा'च्या खटल्यात एकाची ग्लुकोज पावडर होती, दुसऱ्याची बिस्किटं. बिस्किटांत ग्लुकोज वापरतात, तेव्हा गिऱ्हाइकाला दोन्ही एकाच घरची वाटतील, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये बिस्किटवाल्याला नाव नाकारलं. काकूंसाठी आम्ही २९, ३०, ३५ आणि ४३ असे चार वर्ग पाहिले.

शोधाचे तीन प्रकार दिसतील: वर्डमार्क, फोनेटिक आणि व्हिएन्ना कोड. वर्डमार्कमध्ये 'स्टार्ट विथ', 'कंटेन्स' आणि 'मॅच विथ' असे पर्याय असतात. 'मॅच विथ' विसरा. तो हुबेहूब नावच दाखवतो आणि खोटा धीर देतो. 'कंटेन्स' निवडा आणि पूर्ण नाव न टाकता त्याचा बुंधा टाका. आम्ही ओ-एन-जे टाकलं, मग ओ-एन-झेड, मग ए-एन-जे-ए-एल. यादी लांबते, डोळे दुखतात, पण सापडायचं ते अशाच यादीत सापडतं. देवनागरी लेबलांच्या नोंदीही बहुधा रोमन अक्षरांतच चढवलेल्या असतात, म्हणून शोध रोमनमध्ये करायचा.

फोनेटिक शोध त्यानंतर करा, पण त्याच्यावर विसंबू नका. त्या यंत्राला मराठी कान नाही. जाळीतला ज आणि जीवनातला ज यांचं नातं, किंवा ळ चा ल होणं, हे त्याला तुमच्या नऊ रूपांनीच समजावून द्यावं लागतं.

व्हिएन्ना कोड चित्रांसाठी. सुनेच्या लोगोत जोडलेले दोन हात होते. माणूस आणि त्याचे अवयव व्हिएन्नाच्या दुसऱ्या गटात येतात. नाव वेगळं पण चित्र तेच, असंही भांडण होतं. चित्र नसेल तर ही पायरी सोडून द्या.

यादीतल्या ओळीवर टिचकी मारली की अर्ज उघडतो. स्थितीकडे बघण्याआधी मी दोन गोष्टी वाचतो. पहिली, मालाचं वर्णन. वर्ग ३० मध्ये चहाही येतो आणि आईस्क्रीमही. समोरच्यानं नक्की काय लिहिलंय ते बघा. दुसरी, वापराची तारीख. 'पुढे वापरणार' असं लिहिलंय की अमुक वर्षापासून वापरतोय, यावर तो किती जुना खेळाडू आहे ते कळतं.

मग स्थिती. 'रजिस्टर्ड' म्हणजे सरळ अडथळा. 'ऑब्जेक्टेड' दिसलं की लोक खूश होतात, उगाच. त्याचा अर्थ एवढाच की परीक्षकानं शंका काढली आहे. उत्तर देऊन पुष्कळ अर्ज पुढे जातात, आणि त्याची तारीख तुमच्या आधीची आहे. 'ऑपोज्ड' म्हणजे कुणीतरी तिसरा भांडतोय. तो तिसरा कोण तेही बघा, कदाचित तो तुमच्याशीही भांडेल. 'अबॅन्डन्ड' म्हणजे अर्ज सोडून दिला. धंदा सोडला असं नव्हे! त्या मालकाचं दुकान चालू असू शकतं, म्हणून बाजारफेरीच्या कागदाशी ताडून बघा. 'रिमूव्ड' म्हणजे दहा वर्षांची मुदत संपून नूतनीकरण झालं नाही. तेही लगेच मोकळं होत नाही. मुदत संपल्यापासून वर्षभरात मालक नाव परत चढवून घेऊ शकतो, आणि वहीतून काढल्यापासून वर्षभर ते नाव इतरांच्या अर्जाला सहसा आडवं येतं.

काकूंच्या बाबतीत नऊ रूपांपैकी दोनांवर वर्ग ३० मध्ये अडलं. एक उच्चारानं अगदी जवळचं, नोंदलेलं, वापरही जुना. सून म्हणाली, "आपण 'ओंजळ इंदूर' करू या ना." गावाचं नाव जोडल्यानं काही होत नाही. पुढे 'न्यू', मागे 'फूड्स', एक जास्तीचं अक्षर, हे सगळे तेच चेहरे नवीन टोपीत.

कंपनी काढणार असाल तर

प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढायची नसेल तरी कंपनी मंत्रालयाच्या साइटवर नाव एकदा शोधून घ्या, तिथला शोध फुकट आहे. एकवचन-अनेकवचन, शब्दांतली जागा, मुद्दाम चुकवलेलं स्पेलिंग, शब्दांची उलटापालट, जोडलेला आकडा, यांतल्या कशानंही नाव वेगळं ठरत नाही. आपल्या राज्याचं कंपनी निबंधक कार्यालय ग्वाल्हेरला असलं तरी नव्या नावांची मंजुरी हरियाणात मानेसरच्या केंद्रीय कार्यालयातून येते. कंपनीच्या नावाच्या एका अर्जाला १,००० रुपये, त्यात दोन नावं सुचवता येतात, मंजूर नाव २० दिवस राखून ठेवतात.

आणि माझी चूक करू नका. कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे ब्रँड तुमचा झाला, असं नाही. ट्रेडमार्कचा मालक तुमची कंपनी नोंदल्यापासून तीन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो, आणि मग नाव बदलावं लागतं. पाट्या, बिलं, बँकखातं, सगळं.

डोमेनचं काम पाच मिनिटांचं. डॉट इन आणि डॉट कॉम बघा. हौस असेल तर देवनागरीत डॉट भारतही मिळतं. डोमेन मोकळं असणं हा पुरावा नाही, पण मोकळं असेल आणि बाकी शोध स्वच्छ आला असेल तर त्याच दिवशी घेऊन टाका. इन्स्टाग्रामचं नावही.

ज्या शब्दांना हातच लावू नये

मराठी माणूस दुकान काढतो तेव्हा महाराजांचं नाव पहिल्यांदा सुचतं. १९५० चा बोधचिन्हं आणि नावं यांचा गैरवापर रोखणारा कायदा आहे. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे, गांधी-नेहरूंचंही आहे. धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्कसाठी ते वापरता येत नाही. गावोगाव पाट्या दिसतात हे खरं, पण त्या बघून पाऊच छापू नका. भागीदारी फर्म नोंदवणार असाल तर १९३२ च्या कायद्यात 'रॉयल', 'किंग', 'क्वीन', 'एम्पायर' असे शब्द सरकारी संमतीशिवाय चालत नाहीत. इंग्रज गेले, त्यांचा मान राहिला.

'रतलामी शेव' हे भौगोलिक चिन्ह (जीआय), म्हणजे त्या भागातल्याच मालाचं नाव, म्हणून नोंदलेलं आहे. इंदूरच्या गॅसवर केलेल्या शेवेला ते नाव देऊन पाऊच छापणं म्हणजे अंगावर ओढवून घेणं. काकूंनी लवंगी शेव म्हटलं तर कुणाची हरकत नाही, पण तो पदार्थाचा शब्द झाला, मार्का नाही. 'शुद्ध', 'घरगुती', 'इंदूरी नमकीन' असले शब्द मालाचं वर्णन करतात, म्हणून नुसत्या त्यांच्यावर नोंदणी सहसा मिळत नाही. आडनावाचंही तसंच अवघड. स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायची मुभा कायद्यात आहे, पण त्याच आडनावाचा मोठा मार्का त्याच मालात असेल तर तो प्रामाणिकपणा तुम्हाला कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. आणि इंदुरात 'अहिल्या'? नाव पवित्र, पण त्या गर्दीत तुमची भाजणी कुणाला ओळखू येणार?

शोध स्वच्छ निघाला की

थांबू नका. वर्गवार अर्ज भरा. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. लघुउद्योगाच्या सवलतीला उद्यमचं प्रमाणपत्र लागतं, तिथे ते खरं कामी येतं. मध्य प्रदेशचे अर्ज मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या हद्दीत येतात, पण भरायचं सगळं घरबसल्या. नाव मराठी असल्यानं रोमन रूप आणि अर्थ दोन्ही लिहून द्यावे लागतात. तो अर्थाचा रकाना असलेला कागद इथे पुन्हा उपयोगी पडतो. भरण्याच्या दिवशी सकाळी शोध पुन्हा एकदा करा. मधल्या आठवड्यात दुसरं कुणीतरी येऊन गेलेलं असतं.

परीक्षकाचा अहवाल आला तर ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मान्य झालेलं नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापतात. ते दर सोमवारी निघतं. छापल्यापासून चार महिने कुणीही विरोध करू शकतो. तोवर नावापुढे टीएम लिहा. गोलातला आर नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आल्यावरच. आधी लावला तर दंड होतो.

पहिलं बिल, पहिला छापलेला पाऊच, इन्स्टाग्रामच्या पहिल्या फोटोचा तारखेसकट स्क्रीनशॉट, आणि हा सगळा शोध केल्याच्या दिवसाचे पडद्याचे फोटो एका फायलीत ठेवा. वापर कधी सुरू झाला हे पुढे सांगायची वेळ आली तर तोंडी सांगून भागत नाही.

काकूंनी 'ओंजळ' सोडलं. सून दोन दिवस गप्प होती. मग कागदावर सात नवी नावं आली, तीन कानाच्या परीक्षेत गेली, दोन बाजारफेरीत, एक काकूंनाच आवडलं नाही. उरलेल्या एकाचे वर्ग २९ आणि ३० मध्ये अर्ज भरलेत, ९,००० रुपये झाले. पाऊचवाल्याला पाच हजारांची ऑर्डर द्यायची होती, ती पाचशेवर आणली. नाव कोणतं ते इथे लिहीत नाही. अजून जर्नलात छापून यायचंय.